काऊनबाईचा वाटा

काऊनबाईला राग आला की ती शिव्या देत नसे, भांडी आपटत नसे, तोंड फुगवून बसत नसे. पदर कमरेला खोचायची, समोरच्याच्या डोळ्यात बघायची आणि एकच शब्द टाकायची, ‘काऊन?’ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘का’ला काऊन म्हणतात, त्यात नवल नाही. पण हा शब्द तिच्यासारखा वापरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सिलिंडर उशिरा आणणाऱ्याला काऊन, ताटात भात टाकून उठणाऱ्या पाहुण्याला काऊन, आणि झड लागून चार दिवस झाले की खिडकीतून बाहेर बघत पावसालाही काऊन. तिचं खरं नाव पार्बता. ते हजेरीच्या वहीपुरतं होतं.

मूल या तालुक्याच्या गावाहून आत, जंगलाला लागून एक संस्था होती. अजून आहे, आणि जोरात चालली आहे. नाव सांगत नाही, कारण ते घेतलं की माझं डोकं फिरतं. जंगलावर गावाचा हक्क कसा, बांबूत आणि तेंदूत प्रत्येकाचा वाटा कसा, यावर तिथे शिबिरं व्हायची. पुण्या-मुंबईची, परदेशातली शिकलेली माणसं येऊन आठवडा-आठवडा राहायची. मी बी.ए. झाल्यावर तिथे कार्यालयात लागले. माझी पहिलीच नोकरी. काऊनबाई तिथली स्वयंपाकीण. पन्नाशीची, काटक, बुटकी, आणि आवाज असा की अंगणापलीकडच्या झाडावरची वानरं दचकावीत. पहिल्या दिवशी मी पोळी अर्धी टाकून उठले तेव्हा तिने मला हात धरून परत बसवलं होतं. ‘काऊन? पोट भरलं होतं त अर्धीच घ्याची होती ना, पोरी. मी काय वानराईसाठी लाटून राह्यलो का?’

आमच्या झाडीपट्टीत बाया ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याची फार मौज वाटायची. ते तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावायचे आणि हसायचे. मला त्यांच्या त्या हसण्याचा राग यायचा, पण मीही सोबत थोडं हसायचे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे माझ्याबद्दल आणखी वाईट सांगायचं आहे.

काऊनबाई धिवरांची. संस्थेपासून दोन कोसांवर तिचं गाव, आणि गावाला लागून मोठं जुनं तळं. बाप, नवरा, दीर, सगळे त्याच तळ्यावर जाळं टाकणारे. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे स्वयंपाकाला लागली, पण जाळं ओढायच्या दिवशी सुट्टी घेऊन तळ्यावर जायचीच. कारण तिथे तिला एक मान होता. जाळं बाहेर आलं की पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, बसून माशांचे वाटे पाडायचे ते तिने. तराजू नाही, माप नाही, नुसत्या हाताने. मोठा मासा इकडे, दोन लहान तिकडे, मूठभर झिंगे वरून. आणि तिने पाडलेल्या वाट्यावर कोणी हूं की चूं करत नसे. तिच्या अख्ख्या आयुष्यात तिला कोणी दिलेली मोठी गोष्ट म्हणजे हा विश्वास. त्याबद्दल बोलताना तिचा आवाज चक्क खाली यायचा.

त्या वाट्यांचा नियम साधा होता. ती तो सांगायची, ‘हात लागला, वाटा लागला.’ जाळ्याच्या दोराला ज्याने हात लावला त्याचा वाटा आधी. मग तो गावचा असो, वाटेने जाणारा असो, नाहीतर हौस म्हणून दोर धरलेलं शेंबडं पोर असो. आधी हातांचे वाटे, मग विकायचं, आणि वाटे पाडणारीने आपला वाटा उचलायचा सगळ्यांच्या शेवटी. हाच नियम तिने संस्थेच्या स्वयंपाकघरात आणला होता. चौकीदार मारोतीभाऊने पाणी भरून दिलं, त्याची वाटी आधी. माळ्याने मिरच्या तोडून आणल्या, त्याची वाटी आधी. मी बसल्या बसल्या लसूण सोलून दिला तर माझीही. या वाट्या ओट्याच्या कडेला झाकून ठेवल्या की मगच भांडं पाहुण्यांकडे जायचं. रोज वरण-भाताचं, भाजीचं हे असंच चाले, आणि माझ्या तिथल्या दोन वर्षांत कोणी ब्र काढला नाही.

आता ज्यांच्यावरून सगळं घडलं त्या डब्यांबद्दल. संचालक सरांच्या खोलीत एक कपाट होतं, पाहुण्यांसाठी म्हणून शहरातून आणलेल्या वस्तूंचं. त्यात पास्त्याची पाकिटं होती आणि माशांचे बंद डबे. त्या ऑगस्टात आठ पाहुणे आले होते. त्यातल्या एका उंच परदेशी बाईने पहिल्याच संध्याकाळी आपल्यापुरता पास्ता करून घेतला. काऊनबाई ओट्याला टेकून बघत होती आणि मी मधे दुभाषी. डबा उघडल्यावर काऊनबाईने आत वाकून बघितलं. ‘काऊन वं? याचं मुंडकं कुठी गेलं?’ मी म्हटलं, डब्यातल्या माशाला डोकं नसतं. ‘मंग डोळा न पायता समजन कसं ताजा हाय का शिळा? डोळा पाह्यल्याबिगर मासा घेऊ नाई पोरी, अन् डोळ्यात पाह्यल्याबिगर माणूस.’ तेवढ्यात त्या बाईने डब्यातलं तेल मोरीत ओतलं. काऊनबाईच्या तोंडून किंकाळीच निघाली. ‘बाप्पा बाप्पा! काऊन फेकून राह्यली? माशाचा सारा जीव त्या तेलात हाय!’ मग पास्ता उकडलेलं पाणीही मोरीत गेलं, तेव्हा मात्र ती बोलली नाही. बोलण्याच्या पलीकडे गेली होती.

पास्ता म्हणजे नळ्या होत्या, त्या मात्र तिला आवडल्या. ‘हे त सरगुंडे होत,’ म्हणाली. आमच्याकडे कणीक काडीवर गुंडाळून नळ्या करतात, त्या उकडून आंब्याच्या रसाबरोबर खातात, ते सरगुंडे. परदेशातले लोकही काडीवर कणीक गुंडाळतात, हे ऐकून तिला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा थोडी माया वाटली.

चौथ्या दिवशी नाल्याला पूर आला आणि रस्ता बंद झाला. भाजीची गाडी पलीकडे अडकली. दुपारच्या जेवणाला घरात कांदे, लसूण, थोडे भेदरे, म्हणजे टमाटे, आणि परसातली अंबाडी, बस्स. पाहुणे रोजच्या वरण-भाताला कंटाळले होते. संचालक सर स्वतः स्वयंपाकघरात आले, पाच डबे आणि पास्त्याची पाकिटं ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘पार्बताबाई, त्या मॅडमनी केलं होतं तसं काहीतरी करा. जमेल ना?’ काऊनबाई म्हणाली, ‘तसं नाई जमन. चांगलं जमन.’

डबे उघडायचं यंत्र त्या बाईने आपल्या खोलीत नेलेलं, आणि ती खोलीला कुलूप लावून शिबिरात. मारोतीभाऊने कोयत्याच्या टोकाने पाचही डबे उघडले आणि अंगठा कापून घेतला. माळी भर पावसात जाऊन अंबाडीची पानं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन आला. मी लसूण सोलला, दोन गड्डे. काऊनबाईने डब्यातलं तेल कढईत ओतलं, त्यात ठेचलेला लसूण आणि दोन सुक्या मिरच्या टाकल्या. लसणाला रंग आला तसा कांदा, मग भेदरे, मग अंबाडीची मूठभर चिरलेली पानं आंबटपणाला. तिकडे नळ्या उकडत होत्या, त्यांचं पाणी तिने वेगळं काढून ठेवलं. ‘भाताची पेज आपन फेकत नाई, याची काऊन फेकाची?’ त्या पाण्याचे दोन पळे कढईत पडले आणि रस असा दाट, चकचकीत झाला. मासा टाकला अगदी शेवटी, आणि उलथणं जेमतेम एकदा फिरवलं. ‘शिजलेल्याले आनखी किती शिजवन?’ वर सांबार. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली नसतील.

मग तिने तीन वाट्या काढल्या. मारोतीभाऊची, माळ्याची, माझी. मी माझी तिथेच उभ्याने खाल्ली. आंबट, तिखट, लसणाचा दणका, आणि मधेच माशाचा मऊ तुकडा. मी बोटं चाटली. तिला म्हटलं, बाई, तुम्हीही घ्या. ती म्हणाली, ‘माहा वाटा शेवटी.’

पाहुण्यांनी ताटं पुसून खाल्ली. फोटो काढले. संचालक सरांनी सगळ्यांना सांगितलं की ही आमच्या केंद्राची कल्पना, स्थानिक चव आणि बाहेरचा पदार्थ. आणखी मागितलं तेव्हा भांडं रिकामं होतं. सर ‘बघतो’ म्हणून स्वयंपाकघरात गेले. तिथे मारोतीभाऊ कापलेल्या अंगठ्याला चिंधी बांधून, पाटावर बसून आपली वाटी खात होता. माळ्याची रिकामी वाटी मोरीत होती. आणि माझीही.

सर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, आणि त्यांची हीच गोष्ट मला आज सगळ्यात जास्त चीड आणते. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सभागृहात बैठक बोलावली. भिंतीवर आदल्या दिवसाच्या सत्राचा मोठा कागद तसाच चिकटवलेला होता, त्यावर निळ्या अक्षरात ‘ज्याचे श्रम, त्याचा वाटा’. देवाशपथ सांगते, मी काही रचून सांगत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या भिंतीसमोर कळला.

‘पार्बताबाई, पाहुण्यांसाठी ठेवलेलं अन्न तुम्ही त्यांच्या आधी काढून ठेवलंत?’

‘हो जी. आधीच काढतो.’

‘कोणाला विचारून?’

‘काऊन? हात लागला, वाटा लागला.’

सर हसले. ‘तळं राखी तो पाणी चाखी, असंच ना?’

‘चाखनच ना जी. चाखाचं नाई त राखाचं काऊन?’

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सरांचं हसू गेलं. ते म्हणाले, प्रश्न अन्नाचा नाही, विश्वासाचा आहे. न विचारता घेणं याला आपल्या भाषेत एक शब्द आहे, तो मला वापरायला लावू नका. पण मग वापरलाच. चोरी. काऊनबाईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, ‘रोज भाताचा वाटा काढतो, तवा नाई बोलले तुमी.’ सर म्हणाले, भात वेगळा. ‘काऊन?’ तिने विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. आजवर कोणी दिलेलं नाही.

मारोतीभाऊला विचारलं तेव्हा तो मान खाली घालून खरं बोलला. ‘मले बाईनं देल्लं, मी खाल्लं.’ माळी त्या दिवशी आलाच नव्हता, पूर उतरल्यावर घरी गेला होता. मग सर माझ्याकडे वळले. ‘तुम्ही होतात ना तिथे? नेहमी असंच चालतं का? तिसरी वाटी कोणाची होती?’

माझी नेमणूक त्या महिन्यात पक्की व्हायची होती. कागद सरांच्या टेबलावर सहीला पडून होता. एवढंच कारण. मोठं काही नाही, घरी कोणी आजारी नव्हतं, चूल बंद पडणार नव्हती. मी म्हटलं, ‘मला माहीत नाही सर. मी लसूण सोलून दिला आणि कार्यालयात गेले.’

एक वाक्य बोलायचं होतं मला. ‘सर, तिसरी वाटी माझी, आणि बाईंनी स्वतः अजून घासही खाल्ला नव्हता.’ जिने एक तुकडा तोंडात घातला नाही ती चोर ठरली आणि जिने बोटं चाटली ती साक्षीदार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. तिला कामावरून काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. ‘पाहुण्यांसाठी राखीव खाद्यपदार्थांचा गैरवापर’, ही भाषा सरांची, बोटं माझी. त्या बोटांना अजून लसणाचा वास येत होता.

काऊनबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने पत्र हातात घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘वाचून दाखव.’ मी वाचून दाखवलं. तिने सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मग माझ्या डोळ्यात बघितलं. मी वाट बघत होते. आता विचारेल, आता तो शब्द टाकेल, आणि मी रडेन, पाया पडेन, सरांकडे धावत जाईन, काय काय ठरवलं मी तेवढ्या क्षणात. तिने काही विचारलं नाही. पेनाला टोपण लावून परत दिलं आणि गेली. सिलिंडरवाल्याला आणि पावसालाही काऊन विचारणारी बाई मला विचारण्याच्या लायकीचीही समजली नाही.

या टप्प्यावर मी राजीनामा दिला असता तर गोष्ट बरी झाली असती. मी दिला नाही. नेमणूक पक्की झाली, मी आणखी दीड वर्ष तिथे राहिले, ‘ज्याचे श्रम’वाले कागद भिंतीला चिकटवत राहिले. बाईच्या हाताची ती कृती सरांनी केंद्राच्या पत्रिकेत छापली, बाईच्या नावाशिवाय. तीही मीच टाइप केली. नंतर चंद्रपूरला नोकरी लागली म्हणून सोडलं. रागावून नव्हे.

मारोतीभाऊ एकदा चंद्रपूरला बाजारात भेटला. त्यानेच सांगितलं. चोरी केली म्हणून काढलं, ही बातमी बाईच्या आधी तिच्या गावात पोचली होती. तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या खेपेला जाळं बाहेर आलं तेव्हा वाटे पाडायला तिची पुतणी बसली. ‘बाईले कोनी उठ नाई म्हनलं,’ मारोतीभाऊ म्हणाला, ‘पन कोनी बस बी नाई म्हनलं.’ ऐकून मी बाजारातच एका ओट्यावर बसले. माझ्या एका वाक्याची किंमत मला तिथे कळली. तिची नुसती नोकरी गेली असं मी दोन वर्षं समजत होते. नोकरीचं काय घेऊन बसलात!

त्या फाल्गुनात मी तिच्या गावी गेले. सकाळी नऊचा सुमार असेल. तळ्यावर जाळं ओढणं चाललं होतं, दहा-बारा माणसं दोराला. काऊनबाई गुडघाभर पाण्यात होती, केस पार पांढरे झालेले. मला बघितलं आणि पुन्हा दोराकडे वळली. मी पाळीवर उभी राहिले, मग चपला काढल्या, उतरले आणि दोर धरला. हात सोलवटले. जाळं बाहेर आलं, रोहू, दोन मरळी, ढीगभर झिंगे. पुतणी वाटे पाडायला बसली. एकेकाचं नाव घेत पळसाच्या पानांवर मासे ठेवत गेली, आणि मला ओलांडून पुढे गेली. शहरातली बाई, साडी भिजवून हौस करणारी, असंच वाटलं असणार तिला. मी गप्प उभी. गप्प राहायची सवयच माझी.

‘काऊन?’

तोच आवाज. पाळीवरची सगळी माणसं वळली. काऊनबाईने पदर खोचला होता आणि ती पुतणीच्या डोळ्यात बघत होती. ‘हिचा काऊन नाई काडला? दोराले हात नाई लागला का हिचा? मी पाह्यला. हात लागला, वाटा लागला.’

पुतणी ओशाळली. दोन लहान रोहू आणि मूठभर झिंगे पानावर घालून तिने माझ्या हातात दिले. मी काऊनबाईच्या मागे पाण्याच्या कडेपर्यंत गेले. म्हटलं, ‘बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी आत्ता या सगळ्यांसमोर सांगते. मला माफ करा.’

‘सांग,’ ती म्हणाली. ‘सांगाचंच हाय ते.’

मी सांगितलं. पाळीवर उभी राहून, त्या दहा-बारा माणसांना, पुतणीला. पाच डबे, तीन वाट्या, तिसरी माझी, आणि बाईने घासही खाल्ला नव्हता. पुतणी उठली आणि बसायचा पाट काऊनबाईकडे सरकवला. काऊनबाई बसली. उरलेले वाटे पाडू लागली, मोठा इकडे, दोन लहान तिकडे, जशी काही मधली वर्षं झालीच नाहीत. मी वाट बघत उभी होते. शेवटी तिने वर बघितलं.

‘आता काऊन उभी हायस?’

‘माफ केलंत ना बाई?’

ती मूठभर झिंगे हातात धरून तशीच थांबली. ‘मासे देल्ले ना? तो तुह्या हाताचा वाटा होता. माफी नाई देत. सरानं इचारलं त्या दिशी तू हात लावला नव्हता.’

आणि तिने आपला वाटा, सगळ्यांच्या शेवटी, पानावर काढून घेतला.